शेतजमीन विकली २०१८ ला, आयकराची १४८ए नोटीस आत्ता. उत्तर कसं द्यायचं?

तेरणाकाठ (धागाकर्ता) · २० मार्च २०२५

राम राम मंडळी. औसा तालुक्यातून लिहितोय. वडील आणि माझे दोन चुलते यांच्या सामाईक नावावरची कोरडवाहू जमीन डिसेंबर २०१८ मध्ये विकली. खरेदीखत ७२ लाखांचं. तिघांना चोवीस-चोवीस लाखांचे चेक, ज्याचे त्याच्या खात्यात. वडिलांनी आजवर रिटर्न भरलेलं नाही, भरण्यासारखं काही नव्हतंच. तूर, सोयाबीन आणि दोन म्हशी.

आता नोटीस आलीय. कलम १४८ए(१), निर्धारण वर्ष २०१९-२० (म्हणजे २०१८-१९ चं उत्पन्न). सार असं की तुम्ही ७२ लाखांची स्थावर मालमत्ता विकल्याची माहिती आमच्याकडे आहे, तुमचं विवरणपत्र नाही, म्हणून एवढं उत्पन्न करातून सुटलेलं दिसतं; १४८ ची, म्हणजे जुनं वर्ष पुन्हा उघडायची, नोटीस का काढू नये ते २७ मार्चपर्यंत सांगा. चुलत्यांना काहीच आलेलं नाही. एकाकडं तर पॅनच नव्हतं, रजिस्ट्रीला फॉर्म ६० (पॅन नसल्याचं घोषणापत्र) दिला होता.

नोटीस घरी आलीच नाही. पॅन काढताना ई-सेवा केंद्रातल्या पोरानं स्वतःचाच ईमेल टाकलेला, त्याच्याकडं निम्म्या गावाचे मेल जातात. मोबाइलवर एक एसएमएस पडला होता, तो पुतणीनं वाचला म्हणून कळलं.

गावातले एक गृहस्थ म्हणतात, साहेब ओळखीचे आहेत, चाळीस हजारांत फाईल बंद करतो. वडील तयार झालेत. मी अडवून धरलंय. सहा वर्षांनी असं उकरून काढता येतं का? आणि एका आठवड्यात कागद कुठून गोळा करायचे?

---

मोंढा_लातूर · २० मार्च

चाळीस हजार देऊ नका. आमच्या आडतीवर दर मार्चला असा एक जण फिरत असतो. नोटीस फेसलेसची (ऑनलाइन, अधिकारी समोर न येता) असो का वॉर्डातली, म्हणजे स्थानिक अधिकाऱ्याची, हा आपला सगळ्यांचा ओळखीचा.

---

उगाच_एक · २० मार्च

व्यवहार चेकनं झालाय, लपवलेलं काही नाही. मग भ्यायचं कशाला? एक अर्ज लिहून द्या साधा, की शेती विकली, शेतीला कर नसतो. संपलं.

---

नांदेडचा_सीए · २१ मार्च

संपत नाही ना दादा. "शेतीला कर नसतो" या एका ओळीवर मी चांगली चांगली प्रकरणं बुडालेली पाहिलीत. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे. शेतजमीन विकून आलेला पैसा हा निराळा विषय, त्याला निराळी कसोटी आहे. त्यावर नंतर येतो.

तेरणाकाठ, आधी आज रात्री करायची कामं. नोटिशीवरचा डीआयएन क्रमांक ई-फायलिंग पोर्टलवर टाकून ती खरी आहे का बघा. ऑक्टोबर २०१९ पासून विभागाच्या प्रत्येक पत्रावर हा क्रमांक लागतो. खोट्या नोटिसा फिरतात आणि त्या फिरवणारे बरेचदा चाळीस हजारवालेच असतात. मग वडिलांच्या प्रोफाइलमध्ये ईमेल आणि मोबाइल स्वतःचा टाका. केंद्रातल्या पोरावर राग काढून उपयोग नाही, पण यापुढचं प्रत्येक पत्र त्याच पत्त्यावर जाणार आणि "आम्ही बजावली होती" असंच आदेशात येणार.

आता मुदत. २०२१ ला १४८ए आलं तेव्हा कायद्यातच लिहिलं होतं की उत्तराला किमान ७ आणि जास्तीत जास्त ३० दिवस द्यायचे. १ सप्टेंबर २०२४ पासूनच्या दुरुस्तीत हा आकडा गेला. आता नोटिशीत जो काळ लिहिला तो. म्हणून २७ तारीख बेकायदा आहे असं सरळ म्हणता येणार नाही. पण तुमच्या वर्षासाठी ३१ मार्च ही १४८ए ची नोटीस काढायची शेवटची तारीख आहे आणि ती नोटीस त्यांनी काढलीय. त्यापुढचा आदेश आणि १४८ ची नोटीस यांना ३० जूनपर्यंत वेळ आहे. त्यांच्या हातात तीन महिने असताना तुम्हाला आठवडा कशाला? हेच शब्द सौम्य करून पोर्टलवर मुदतवाढ मागा. खरेदीखताची प्रत दुय्यम निबंधकाकडून, दाखला तहसीलमधून आणायचाय हे कारण लिहा. फोनवर मागू नका. फोनचं काही उरत नाही.

त्याच अर्जात दुसरी मागणी करा: ज्या माहितीवर नोटीस काढली ती माहिती द्या. कायद्याप्रमाणे ती नोटिशीसोबतच यायला हवी. "७२ लाखांचा व्यवहार" ही एक ओळ म्हणजे माहितीचं शीर्षक झालं. कोणत्या दस्ताची, कोणी कळवली, विकणारे किती दाखवलेत, हे सगळं मागा.

---

तेरणाकाठ · २१ मार्च

डीआयएन खरा निघाला. मुदतवाढ टाकली. नोटिशीला जोड म्हणून एक पानाचा तक्ता आहे, त्यात वडिलांचं पॅन, दस्त क्रमांक आणि रक्कम ७२,००,०००. बाकीच्या दोघांचा उल्लेखच नाही.

---

नांदेडचा_सीए · २१ मार्च

मग तुमचं निम्मं उत्तर त्या तक्त्यातच आहे.

निर्धारण वर्ष संपल्यापासून तीन वर्षं झाली की दार बंद. तीन ते पाच वर्षांच्या मधे उघडायचं असेल तर सुटलेलं उत्पन्न ५० लाख किंवा जास्त असावं लागतं, किंवा असण्याची शक्यता असावी लागते, आणि तेही अधिकाऱ्याकडच्या माहितीनुसार. निर्धारण वर्ष २०१९-२० हे ३१ मार्च २०२० ला संपलं. तीन वर्षं २०२३ ला सरली. म्हणजे तुमची नोटीस उभीच राहते ५० लाखांच्या टेकूवर.

आणि वडिलांच्या वाट्याला किती आले? चोवीस. अख्खे चोवीस लाख नफा धरला तरी पन्नासच्या जवळ जात नाही. ३० लाखांवरचा प्रत्येक व्यवहार निबंधक कार्यालयातून आयकर विभागाला कळवला जातो. सामाईक दस्तात पूर्ण रक्कम एकाच्याच पॅनसमोर चढलेली मी कितीदा पाहिलीय. यंत्रणेला ७२ दिसतात. पण त्या तक्त्यातला दस्त क्रमांक उघडला तर पहिल्या पानावर तीन विकणारे आहेत. अधिकाऱ्याकडची माहिती म्हणजे नुसता आकडा, की ज्या दस्तावरून आकडा आला तो दस्त? उत्तराची सुरुवात इथून करा. तिन्ही खात्यांचे उतारे लावा, चुलत्यांची प्रतिज्ञापत्रं लावा.

जमिनीचा मुद्दा दुसऱ्या नंबरवर. ग्रामीण शेतजमीन ही आयकर कायद्यात भांडवली मालमत्ताच नाही, म्हणून ती विकून झालेल्या नफ्यावर भांडवली नफ्याचा कर नाही. ग्रामीण कोणती? दहा हजार ते एक लाख वस्तीच्या नगरपालिकेपासून २ किलोमीटरच्या पलीकडे, एक ते दहा लाखाला ६, त्याच्यावर ८. अंतर सरळ हवाई रेषेत. औसा पालिकेला २, लातूर महापालिकेला ६. तुमचं गाव कुठं बसतं?

---

तेरणाकाठ · २१ मार्च

औशापासून अकरा किलोमीटर रस्त्यानं. लातूर तर लांबच. हवाई रेषेनंही दोनच्या कितीतरी पुढं भरेल.

---

निवृत्त_बाबू · २२ मार्च

विभागाची बाजू कोणी मांडत नाही म्हणून लिहितो. नोकरीचं आयुष्य त्याच खात्यात गेलं.

ही प्रकरणं अधिकारी शोधून काढत नाही. निबंधक, बँका, पतसंस्था यांच्याकडून आलेली माहिती यंत्रणा पॅनशी जुळवते आणि रिटर्न नसलेले बाजूला काढते. मार्च महिन्यात अधिकाऱ्याच्या पडद्यावर अशी यादी येते आणि तारीख ३१. त्यानं नोटीस नाही काढली तर उद्या ऑडिटवाले विचारणार, का सोडलं? काढली तर तुम्ही विचारणार, का काढली? खालच्या माणसाच्या दृष्टीनं काढणं सोपं.

आणि शेतकरी म्हटलं की सगळे बिचारे, असंही नाही. मराठवाड्यातच मी अशी विवरणपत्रं पाहिलीत की चार एकर कोरडवाहूत लाखोंचं "शेती उत्पन्न". मालक शहरात बांधकाम व्यवसायात. सातबाऱ्यावर पीक पडीत. जुनी वर्षं उघडायची सोय नसती तर हे लोक कधी सापडलेच नसते. मुदती २०२१ पासून एकंदरीत कमी झाल्यात हेही लक्षात घ्या. आधी सहा वर्षांपर्यंत एक लाखासाठीही उघडता यायचं, परदेशी मालमत्ता असेल तर सोळा. मधे पन्नास लाखांवर दहा वर्षं झाली. आता पाच.

तेरणाकाठ यांच्या प्रकरणात मात्र सीए साहेब म्हणतात ते बरोबर दिसतं. दस्त उघडून पाहायला हवा होता.

---

खंडपीठवाली · २२ मार्च

बाबू काका, "दस्त उघडून पाहायला हवा होता" हे तुम्ही किती सहज लिहिलंत! सगळं भांडण त्याच एका गोष्टीचं आहे.

मी संभाजीनगरला उच्च न्यायालयाच्या खंडपीठात वकिली करते. १४८ए कुठून आलं ते थोडं सांगते, कारण लोकांना वाटतं ही नवी कटकट आहे. पूर्वी थेट १४८ ची नोटीस यायची. का उघडलं, ते अधिकाऱ्याच्या फाईलमध्ये राहायचं. २००२ मध्ये जीकेएन ड्राइव्हशाफ्ट्सच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं क्रम घालून दिला: करदात्यानं विवरणपत्र भरावं, कारणं मागावीत, अधिकाऱ्यानं ती द्यावीत, करदात्यानं हरकत घ्यावी आणि अधिकाऱ्यानं त्या हरकतीवर कारणांसह आदेश काढावा, मग पुढं जावं. कायद्यात यातलं अक्षर नव्हतं, कोर्टानं घातलं. २०२१ ला संसदेनं तेच कायद्यात आणलं आणि एक पायरी आधी नेलं. आता १४८ ची नोटीस निघण्याच्या आधीच तुमचं ऐकायचं.

आणि ही पायरी गाळली तर काय होतं तेही दिसलंय. १ एप्रिल ते ३० जून २०२१ मध्ये विभागानं जुन्याच पद्धतीनं देशभर सुमारे नव्वद हजार नोटिसा काढल्या. मे २०२२ मध्ये आशिष अगरवाल निकालात सर्वोच्च न्यायालयानं त्या रद्द न करता नव्या कायद्याखालच्या कारणे दाखवा नोटिसा मानल्या आणि माहिती देऊन, ऐकून घेऊन पुढं जा म्हणून सांगितलं. विभागाला जीवदान मिळालं, पण ऐकण्याची पायरी वगळू दिली नाही.

माझं म्हणणं एवढंच. ऐकणं म्हणजे उत्तर अपलोड करायचं बटन नव्हे. १४८ए(३) च्या, म्हणजे १४८ ची नोटीस काढायची का ते ठरवणाऱ्या, आदेशात तुमच्या मुद्द्याला मुद्द्यानं उत्तर आलं पाहिजे. "तीन मालक आहेत" याला उत्तर "तीन नाहीत, एकच आहे" किंवा "तीन असले तरी अमुक कारणानं चालतं" असं हवं. व्यवहारात काय होतं? तुमचं उत्तर जसंच्या तसं दोन पानं चिकटवतात आणि खाली एक ओळ: समाधानकारक नाही. वरिष्ठांची मंजुरी लागते, आता अपर किंवा संयुक्त आयुक्तांची. ती मंजुरीसुद्धा कधी कधी एका शब्दाची असते.

---

परभणीकर_ताई · २३ मार्च

ताई, आमच्या भावाचं ऐका. नोटाबंदीत दुकानाचे आणि कापसाचे मिळून १४ लाख खात्यात भरले होते. मार्च २०२० मध्ये १४८ ची नोटीस. लगेच टाळेबंदी. मेल होता आमच्या जुन्या अकाउंटंटचा, ते तोवर वारलेले. पुढच्या सगळ्या नोटिसा त्याच मेलवर. सप्टेंबर २०२१ मध्ये एकतर्फी आदेश. सगळे १४ लाख "अस्पष्टीकृत", त्यावर कर ७७.२५ टक्के, वर व्याज, वर दंडाची वेगळी नोटीस. बँक खातं गोठलं तेव्हा आम्हाला पहिल्यांदा कळलं. दुकानातला माल आणायला पैसे नव्हते.

अपील उशिरा म्हणून पहिल्या पायरीवर फेटाळलं. पुण्याच्या अपिलीय न्यायाधिकरणानं उशीर माफ करून प्रकरण परत अधिकाऱ्याकडं पाठवलं, की ऐकून घ्या आणि नव्यानं ठरवा. कापसाच्या पट्ट्या, दुकानाची वही, सगळं तेव्हाही घरात होतं. कोणी विचारलंच नव्हतं. वकील, सीए, पुण्याचं येणं-जाणं यांत जेवढा पैसा गेला तेवढा कर कदाचित लागलाही नसता.

---

निवृत्त_बाबू · २३ मार्च

ताई, वाईट वाटलं. पण अधिकाऱ्यानं नोटिसा पाठवल्या होत्या ना? नियम १२७ प्रमाणे पॅनवरच्या, विवरणपत्रावरच्या ईमेलवर पाठवल्या की बजावणी झाली. पत्ता बदलला तर कळवायची जबाबदारी कोणाची?

---

परभणीकर_ताई · २३ मार्च

काका, खातं गोठवायच्या वेळी बँकेची शाखा बरोबर सापडली. घर तेवढं सापडलं नाही.

---

मोंढा_लातूर · २३ मार्च

+१. हे फ्रेम करून ठेवतो.

---

खंडपीठवाली · २३ मार्च

काका, फक्त पोर्टलवर टाकलं म्हणजे बजावणी झाली असं होत नाही, असं पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयानं २०२४ मध्ये म्हटलंय. एकामागून एक नोटिसांना उत्तरच येत नाही, तेव्हा पोस्टानं एक पाकीट पाठवायला कायद्यात कुठं मनाई आहे? मेलला प्रतिसाद नाही म्हणजे माणूस टाळतोय, हे गृहीतच अन्यायाचं मूळ आहे. आपल्याकडं किती शेतकरी मेल उघडतात?

---

नांदेडचा_सीए · २३ मार्च

एकतर्फी आदेश हातात पडलेल्यांसाठी दोन गोष्टी. ऑक्टोबर २०२४ पासून कलम १४४ चा एकतर्फी आदेश असेल तर पहिल्या अपिलातले आयुक्तही तो बाजूला ठेवून नव्यानं निर्धारणेला पाठवू शकतात. प्रत्येक वेळी पुण्यापर्यंत जायची गरज उरलेली नाही. आणि एक खड्डा: ज्यानं विवरणपत्रच भरलेलं नाही त्याचं अपील दाखल करून घेताना, देय आगाऊ कराएवढी रक्कम भरलीय का ते बघतात. तुमचा असा कर बसतच नसेल तर फॉर्म ३५ (अपिलाचा नमुना) मध्ये कारणासह तसं लिहा आणि सूट मागा. तो रकाना मोकळा सोडला म्हणून अपिलं गेलीत.

---

बीडचा_मास्तर · २४ मार्च

थोडं विषयांतर. मेहुण्याची जिनिंग आहे. निर्धारण वर्ष २०२१-२२ ची पूर्ण स्क्रुटिनी झाली, १४३(३) चा आदेश झाला. एका हातउसन्या रकमेवर तेव्हा ढीगभर प्रश्न विचारले, उत्तरं दिली, अधिकाऱ्यानं मान्य केलं. आता नवा अधिकारी, नवी नोटीस, तीच रक्कम. असं कितीदा विचारणार?

---

नांदेडचा_सीए · २४ मार्च

विषयांतर नाही, मूळ विषयच हा आहे. केल्व्हिनेटरच्या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की नुसतं मत बदललं म्हणून उघडता येत नाही. फेरनिर्धारणेचा अधिकार आहे, पुनर्विलोकनाचा नाही. २०२१ नंतरच्या कायद्यातही हे लागू आहे असं मुंबई उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये सीमेन्स फायनान्शियलच्या प्रकरणात म्हटलं. मेहुण्यांना सांगा, तेव्हाची प्रश्नावली आणि तेव्हाचं उत्तर, दोन्ही तारखांसह जोडा. नुसतं "आधी झालंय" म्हणू नका. एक अडचण आहे: ऑडिटचा आक्षेप हीसुद्धा आता कायद्यानुसार "माहिती" धरली जाते. नोटीस ऑडिटवरून आली का ते आधी विचारा.

---

उगाच_एक · २४ मार्च

एवढं सगळं कशाला, थेट हायकोर्टात जा. मुंबई हायकोर्टानं हेक्सावेअरमध्ये वॉर्डातल्या अधिकाऱ्याच्या नोटिसाच उडवल्यात.

---

खंडपीठवाली · २४ मार्च

३ मे २०२४ चा निकाल. फेसलेस योजना असताना स्थानिक अधिकाऱ्यानं नोटीस काढली म्हणून ती अवैध. दिल्ली उच्च न्यायालयानं ऑक्टोबरमध्ये उलट मत दिलं आणि विभाग सर्वोच्च न्यायालयात गेलाय. मुद्दा घ्या, पण घर त्यावर बांधू नका. शिवाय तो निकाल तांत्रिक आहे. तेरणाकाठ यांचा मुद्दा त्याहून पक्का आहे, तो आधी अधिकाऱ्यापुढं लेखी गेला पाहिजे. तिथं न मांडता आलात तर कोर्ट पहिला प्रश्न हाच विचारणार.

---

तेरणाकाठ · ५ एप्रिल

मुदतवाढ ४ एप्रिलपर्यंत मिळाली. उत्तर काल अपलोड केलं. पहिलं मुदतीचं, मग तीन हिश्शांचं, मग ग्रामीण जमिनीचं. खरेदीखत, तिन्ही खात्यांचे उतारे, सातबारा, ८अ, प्रतिज्ञापत्रं जोडली. अंतराच्या दाखल्याला तहसीलमध्ये "असा नमुनाच नाही" म्हणाले. शेवटी भूमी अभिलेखमधून नकाशा घेतला आणि तहसीलला दिलेल्या अर्जाची पोच लावली. चाळीस हजारवाल्यांनी पुन्हा फोन केला होता. उत्तर टाकलंय म्हटल्यावर म्हणाले, आता काम अवघड झालं, साठ लागतील.

---

तेरणाकाठ · २६ जून

१४८ए(३) चा आदेश आणि १४८ ची नोटीस, दोन्ही एकाच दिवशी आली. वकील ताईंनी लिहिलं होतं हुबेहूब तसं. आमचं उत्तर आदेशात चिकटवलंय, खाली लिहिलंय की करदात्यानं विक्री नाकारलेली नाही, सादर केलेले मुद्दे निर्धारणेच्या वेळी तपासता येतील, व्यवहार ५० लाखांवरचा आहे, सबब योग्य प्रकरण. चोवीस लाखांचा आकडा त्यांच्या भागात एकदाही नाही.

---

निवृत्त_बाबू · २६ जून

"निर्धारणेच्या वेळी तपासता येतील" हे पटलं नाही. जमीन ग्रामीण आहे का, हे नंतर तपासा. पण पन्नास लाख आहेत की नाहीत यावर तर दार उघडतं. ते आत गेल्यावर तपासू म्हणणं बरोबर नव्हे. मी असतो तर हा आदेश वर मंजुरीला पाठवला नसता.

---

खंडपीठवाली · २६ जून

काकांनी माझा युक्तिवादच लिहून दिला. तथ्यांचा वाद असेल तर खंडपीठ या टप्प्यावर सहसा हात घालत नाही, पर्यायी मार्ग आहे म्हणून परत पाठवतं. मुदतीचा प्रश्न अधिकारक्षेत्राचा आहे आणि तुमची तथ्यं नोंदणीकृत दस्तावर आहेत, म्हणून इथं याचिकेला जागा दिसते. निकालाची खात्री देत नाही. येताना नोटीस, जोडतक्ता, मुदतवाढीचा अर्ज, उत्तर आणि त्याची पोच, आदेश हे सगळं पोर्टलवरून उतरवलेलं आणा, फोटो नकोत. मंजुरीची प्रत मागणारा अर्ज आजच टाका.

---

नांदेडचा_सीए · २७ जून

आणि याचिकेच्या नादात विवरणपत्र विसरू नका. १४८ च्या नोटिशीत मुदत दिली असेल, ती नोटीस निघालेल्या महिन्याच्या अखेरीपासून तीन महिन्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. हक्क राखून भरत आहोत असं पत्र सोबत अपलोड करा आणि मगच संभाजीनगरची गाडी पकडा. स्थगिती मिळाली नाही तर परभणीकर ताईंच्या भावासारखा एकतर्फी आदेश यायला वेळ लागत नाही.

---

तेरणाकाठ · २७ जून

नोटिशीत तीन महिने लिहिलेत. विवरणपत्राचं काम तुमच्याकडंच द्यायचं म्हणतोय, नांदेडला कधी येऊ? वडिलांचं जुनं पासबुक बँकेनं जमा करून घेतलंय, उतारा २०१८ पासूनचा लागेल का २०१७ पासूनचा?

---

नांदेडचा_सीए · २७ जून

एप्रिल २०१८ ते मार्च २०१९ पुरे. शिक्का मारून आणा. शनिवारी दुपारनंतर या, सकाळी जीएसटीची गर्दी असते.